पशूंच्या त्वचारोगनिदानाचा इतिहास : नमुना घेणाऱ्या हाताचे स्थान

प्रस्तावना :
त्वचारोगनिदानाच्या इतिहासात सूक्ष्मदर्शकाला मानाचे स्थान दिले जाते. परंतु काचपट्टीवर जे आलेच नाही, ते सूक्ष्मदर्शक दाखवू शकत नाही. नमुना कोठून व कसा घेतला, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर त्वचारोगांचे निदान कसे अवलंबून राहिले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

खरजेच्या किड्याचा शोध :
इ. स. १६८७ मध्ये इटलीतील जोव्हान्नी कोसिमो बोनोमो व औषधविक्रेता ड्याचिंतो चेस्तोनी यांची खरजेविषयीची निरीक्षणे फ्रान्चेस्को रेदी यास लिहिलेल्या पत्ररूपाने प्रसिद्ध झाली. खरजेचे कारण शरीरातील दोष नसून त्वचेतील सूक्ष्म किडा आहे, असे त्यांत प्रतिपादन होते. गरीब स्त्रिया आपल्या मुलांच्या त्वचेतून टाचणीने हे किडे काढतात, हे निरीक्षण त्यांच्या शोधाच्या मुळाशी होते. तथापि वैद्यकविश्वाने हे मत दीर्घकाळ स्वीकारले नाही. १८१२ मध्ये पॅरिस येथे गालेस याने हा किडा सापडल्याचा दावा केला. पण त्याने रेखाटलेला किडा प्रत्यक्षात चीजमधील असल्याचे रास्पाय याने १८२९ मध्ये दाखविले. परिणामी किड्याच्या अस्तित्वाविषयीच संशय बळावला. अखेर १८३४ मध्ये कॉर्सिकाचा विद्यार्थी रेनुच्ची याने पॅरिसमधील सेंट-लुई रुग्णालयात सर्वांसमक्ष सुईने किडा काढून दाखविला. किडा पुळीत नव्हे, तर त्वचेतील बारीक बिळाच्या टोकाशी असतो, हे कॉर्सिकातील स्त्रियांना ठाऊक होते. त्यांची ही रीत त्याने पाहिलेली होती. विद्वानांना न सापडलेली जागा या अनाम हातांना परिचित होती.

पशुवैद्यकातील वाटचाल :
मेंढ्यांच्या खरजेचे कारण किडा असल्याचे जर्मनीत वाल्झ याने १८०९ मध्येच दाखविले होते. गेर्लाख याने १८५७ मध्ये पशूंच्या खरजेच्या किड्यांचे गट वेगळे केले. या वर्गीकरणास व्यावहारिक महत्त्व आहे. सोरोप्टिस त्वचेच्या पृष्ठभागावर राहतो, म्हणून जखमेच्या कडेचा नमुना उपयुक्त ठरतो. सार्कोप्टिस बीळ करतो व संख्येने अल्प असतो, म्हणून कुत्र्याच्या कानाची कड, कोपर अशा अनेक ठिकाणी विस्तृत खरवड घ्यावी लागते. १८४२ मध्ये गुस्ताव्ह सिमोन याने वर्णिलेल्या डेमोडेक्सचे वास्तव्य केसांच्या मुळाशी असते. त्यासाठी कातडी चिमटीत दाबून सूक्ष्म रक्तबिंदू दिसेपर्यंत खोल खरवडणे आवश्यक ठरते. गजकर्णाचे स्वरूप निराळे आहे. १८४० च्या दशकात डेव्हिड ग्रुबी याने त्याचे मूळ बुरशीत असल्याचे सिद्ध केले. १९२५ पासून वूडच्या दिव्याखाली चमकणारे केस उपटून तपासता येऊ लागले. परंतु सर्व बुरशा चमकत नाहीत. त्यामुळे केवळ दिव्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. १९६३ मध्ये मॅकेन्झी याने माणसांच्या डोक्यावरील गजकर्णासाठी सुचविलेली केस विंचरून नमुना घेण्याची पद्धत पुढे मांजरांसाठीही उपयोगात आली.

परिचारिकेचे स्थान :
ब्रिटनमध्ये १९६१ मध्ये पशुपरिचर्येचे औपचारिक प्रशिक्षण सुरू झाले आणि १९८४ मध्ये ‘पशुवैद्यकीय परिचारिका’ ही संज्ञा अधिकृत झाली. पशूला शांतपणे धरणे, बोथट केलेल्या पात्यावर लिक्विड पॅराफिन घेऊन केसांच्या दिशेने खरवडणे, काचपट्टीवर जागेची नोंद करणे ही कामे दुय्यम वाटतात. पण निदानाची इमारत त्यांवरच उभी असते. खरजेच्या कुत्र्यातही सार्कोप्टिस नमुन्यात न आढळणे वारंवार घडते. त्यामुळे ‘आढळला नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घेतल्यास रोगी पशू उपचाराविना राहतो आणि संसर्ग इतर पशूंत, प्रसंगी माणसांतही पोहोचतो.

समारोप :
गालेसच्या प्रकरणाने एका चुकीच्या नमुन्याची किंमत दाखवून दिली, तर रेनुच्चीच्या सुईने योग्य जागेचे मोल सिद्ध केले. म्हणून पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात नमुना घेण्याचे कौशल्य केवळ प्रात्यक्षिकाचा भाग न मानता ज्ञाननिर्मितीचा पहिला टप्पा म्हणून शिकविले जाणे इष्ट ठरते. कॉर्सिकातील अनाम स्त्रियांचे ऋणही त्यातूनच मान्य होईल.