राहू मीनेत, चंद्र उत्तरेत

मुकुटबनच्या थेट माथ्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो: मेच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात. चंद्राचा नेम वेगळा आहे. 2015 साली तो वर्षभरात एकदाही या गावाच्या डोक्यावरून उत्तरेकडे गेला नाही. 2024 च्या दत्तजयंतीला, 14 डिसेंबरच्या मध्यरात्री, तोच चंद्र माथ्यापासून सात-आठ अंश उत्तरेला होता. तेव्हा थंडीत बाहेर पडलेल्या माणसाला तो पाहायला दक्षिणेकडे पाठ करावी लागली असती.

याचं कारण राहू. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी सुमारे 5 अंश 8 कलांनी कललेली आहे. या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात ते बिंदू म्हणजे राहू आणि केतू. हे बिंदू उलट्या दिशेने सरकत 18.6 वर्षांत एक फेरी पुरी करतात. राहू वसंतसंपाताशी आला की हा कल सूर्याच्या साडेतेवीस अंशांत मिळतो आणि चंद्र 28.5 अंशांपर्यंत उत्तर-दक्षिण धावतो. राहू समोरच्या टोकाला गेला की कल वजा होतो आणि धाव 18.3 अंशांवर थांबते. मुकुटबन सुमारे 19.8 उत्तर अक्षांशावर, म्हणजे नेमकं या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. म्हणून इथे हा फरक डोक्यावरच दिसतो. क्षितिजावरही तो लपत नाही. चंद्रोदयाचं उत्तरेकडचं टोक कधी पूर्वेपासून साडेतीस अंशांवर असतं, तर कधी साडेएकोणीस. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश व्यापते, तेवढं हे अंतर.

स्कॉटलंडमधल्या कॅलनिशच्या उभ्या शिळांचा संबंध चंद्राच्या या टोकांशी जोडला जातो. मराठी मुलखात मात्र त्याची खूण सापडते ती पंचांगकर्त्यांच्या ग्रंथांत.

नक्षत्रं पाहणारी माणसं मात्र मुकुटबनच्या भागातही पूर्वीपासून आहेत. इथला झरी जामणी तालुका कोलाम आणि गोंडांचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया, गणेश हलकारे आणि त्यांचे सहकारी यांनी गोंडांच्या आणि नंतर कोलाम व बंजारा समाजाच्या आकाशज्ञानाचा अभ्यास 2013 आणि 2014 मध्ये प्रसिद्ध केला. माणसाचा व्यवसाय आणि त्याची आकाशाकडे पाहण्याची दृष्टी यांचं घट्ट नातं त्यात दिसतं. शेतकऱ्याला पावसाची चाहूल लागायला हवी असते. अठरा वर्षांच्या हेलकाव्याचा हिशोब ठेवण्याची गरज होती ती ग्रहण वर्तवणाऱ्याला.

असाच एक गणिती कोकणातल्या नांदगावचा गणेश दैवज्ञ. शके 1442, म्हणजे 1520 साली त्याने ‘ग्रहलाघव’ लिहिला आणि पुढे कितीतरी पिढ्या त्यावर पंचांगं निघाली. त्यात रोहिणीच्या गाड्याविषयी, म्हणजे शकटाविषयी, एक सुंदर नियम आहे: राहू पुनर्वसूपासूनच्या आठ नक्षत्रांत असतो तेव्हा चंद्र रोहिणीचा शकट भेदतो. आजचं गणित लावून पाहिलं तर नियम थक्क करतो. चंद्र रोहिणीपाशी सर्वांत दक्षिणेला असतो तेव्हा राहू या आठ नक्षत्रांच्या जवळजवळ मधोमध येतो! साधारण साडेपाच वर्षांचा हा काळ चंद्राची धाव आखूड असण्याच्या वर्षांतच पडतो. 2015 ते 2018 या काळात चंद्राने रोहिणीचा लाल तारा दर महिन्याला पृथ्वीवर कुठून ना कुठून झाकला, तेव्हा राहू याच पट्ट्यात होता. शनी आणि मंगळ हा गाडा सध्या भेदत नाहीत, हेही गणेशाने तिथेच सांगून ठेवलं आहे.

जुन्या गणितात एक गमतीचा योग आहे. सिद्धांतकारांनी सूर्याची परमक्रांती, म्हणजे त्याची उत्तर-दक्षिण धाव, 24 अंश मानली आणि चंद्राचा परमशर, म्हणजे त्याच्या वाटेचा कल, साडेचार. पहिला आकडा थोडा जास्त, दुसरा थोडा कमी. बेरीज मात्र 28.5, जवळजवळ बिनचूक. वजाबाकी केली की चूक उघडी पडते: 19.5 येतात, खरे 18.3. म्हणजे चंद्र लांबवर जाई त्या वर्षांत जुना ज्योतिषी वेधाशी जुळे, आखूड वर्षांत अंशाहून अधिक चुके. केरूनाना छत्र्यांनी 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली तेव्हा युरोपातले सुधारलेले आकडे मराठीत आले. पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि व्यंकटेश बापूजी केतकर यांनी वेधाशी जुळणाऱ्या पंचांगासाठी आयुष्य वेचलं.

आज मुकुटबनच्या कुठल्याही घरात भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका हा हेलकावा सांगू शकते. राहू मीनेत असला की चंद्राची धाव लांब, कन्येत असला की आखूड. 2023 च्या ऑक्टोबरअखेरीपासून 2025 च्या मेपर्यंत तो मीनेत होता. 2033 पासून चंद्र पुन्हा रोहिणीला झाकू लागेल, 2034 मध्ये राहू कन्येत असेल आणि मुकुटबनचा चंद्र माथ्याच्या दक्षिणेलाच राहील. माथा ओलांडून तो पुन्हा पूर्ण उत्तरेला जाईल 2043 मध्ये.