दह्याच्या जिवाणूचं माहेर

खानदेशात उन्हाळा लागला की घरोघरी कुरडयांसाठी गहू भिजत पडतो. तीन दिवस, रोज पाणी बदलून. तिसऱ्या दिवशी दाणा चिमटीत दाबला की पांढरा चीक बाहेर येतो आणि पातेल्याजवळ गेलं तरी आंबूस वास जाणवतो. वाटून, पिळून, गाळून ठेवलेला चीक रात्रीतून तळाशी बसतो. सकाळी वरचं पिवळसर पाणी ओतून दिलं की खाली उरतं ते निव्वळ सत्त्व, म्हणजेच स्टार्च.

मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेल्या दोंडाईचात हेच काम मोठ्या प्रमाणावर होतं, फक्त गव्हाऐवजी मक्यावर. युनिव्हर्सल स्टार्च-केम अलाइडचा कारखाना तिथला. मक्यापासून स्टार्च काढण्याची जगभरची रीत अशी: साधारण 50 अंश तापमानाच्या पाण्यात मका 30 ते 50 तास भिजतो. पाण्यात 0.1 ते 0.2 टक्के सल्फर डायऑक्साइड असतो. तो दाण्यातल्या प्रथिनांची पकड सैल करतो आणि सडवणाऱ्या जिवाणूंना आवर घालतो. घरी पाणी फेकून देतात, कारखान्यात तेच पाणी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत उलट दिशेनं फिरतं. ताजं पाणी जुन्या मक्यावर, जुनं पाणी नव्या मक्यावर. या प्रवासात सल्फर डायऑक्साइड संपत जातो आणि त्या कोमट पाण्यात लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू बळावतात. (1941 मध्ये अमेरिकेत पिओरियाच्या प्रयोगशाळेत याच आंबट पाण्याच्या अर्कानं पेनिसिलिनचं उत्पादन कितीतरी वाढलं.)

मक्याच्या या भिजवणीत अभ्यासकांना वारंवार भेटलेला जिवाणू म्हणजे लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी. आणि योगर्टमुळे जगभर गाजलेला ‘बल्गेरिकस’ हा याच जातीचा. मक्याची टाकी आणि दह्याचं भांडं यांचं हे नातं कागदावर यायला मात्र जवळपास नव्वद वर्षं लागली.

1896 मध्ये जर्मनीत लाइखमान यांनी मद्यनिर्मितीच्या आंबवणातून एक जिवाणू वेगळा केला आणि बर्लिनचे किण्वनतज्ज्ञ माक्स डेलब्रुक यांचं नाव त्याला दिलं. 1901 मध्ये बायरिंक यांनी ‘लॅक्टोबॅसिलस’ ही प्रजाती मांडली. तिची नमुना-जाती आज हाच डेलब्रुकी आहे. त्यातला मजेदार पेच असा, की ‘लॅक्टो’ म्हणजे दूध, पण ज्या जातीवर ही प्रजाती उभी आहे तिचा मूळ उपप्रकार दुधातली साखर आंबवूच शकत नाही!

बल्गेरिकसची वाट निराळी. 1905 मध्ये जिनिव्हात शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणानं मायदेशच्या दह्यात तो पाहिला, मेचनिकोव्ह यांनी त्याला दीर्घायुष्याशी जोडलं, 1919 मध्ये ओर्ला-येन्सेन यांनी त्याला ‘थर्मोबॅक्टेरियम’ म्हटलं. त्या काळी वर्गीकरण चालायचं ते जिवाणू कोणत्या तापमानाला वाढतो आणि कोणती साखर खातो यावर. त्या हिशेबात दह्याचा आणि धान्याचा जिवाणू वेगळे पडणारच. डीएनए जुळवून पाहिल्यावर ते एकच निघाले, आणि 1984 मध्ये बल्गेरिकस डेलब्रुकीची उपजाती झाला.

मग मूळ कुठलं? बल्गेरिकस हा पहिल्यापासून दुधाचाच, असं मानणारे आहेत. ते पटत नाही. 2006 मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात मोडकळीला आलेल्या जनुकांचा खच आढळला, विशेषतः निरनिराळ्या साखरा पचवण्याच्या कामातल्या. वनस्पतींवर जगणारा जीव दुधात येऊन स्थिरावला आणि जुनी हत्यारं गंजली, असाच त्याचा अर्थ लागतो. दुसऱ्याच वर्षी बल्गेरियात झाडपाल्यावरून बल्गेरिकस वेगळा केल्याचं प्रसिद्ध झालं. चरणाऱ्या गुरांमुळे तो पानांवर गेला असेल, असा आक्षेप घेता येईल. पण मोडलेल्या जनुकांचं उत्तर त्यातून मिळत नाही. माहेर धान्या-पाल्याचं, सासर दुधाचं, हाच उलगडा सरस. बेचाळीस अंशांच्या खानदेशी उन्हात आंबणाऱ्या गव्हाच्या पातेल्यात याचे भाऊबंद असूही शकतील. त्याला उष्णता मानवते.

भारतीय दुग्धपदार्थांतून निघालेली एक उपजातीही याच घराण्यात आहे. 2005 मध्ये देल्लाल्यो आणि सहकाऱ्यांनी तिचं नाव ‘इंडिकस’ ठेवलं.

2020 मध्ये मोठी फाळणी झाली. लॅक्टोबॅसिलस या एकाच प्रजातीत तोवर 261 जाती कोंबल्या गेल्या होत्या. जनुकसंचांच्या आधारे त्या 25 प्रजातींत वाटल्या. त्यांतल्या 23 नव्या. केसाय गेला लॅक्टिकेसाइबॅसिलसमध्ये, प्लांटारम लॅक्टिप्लांटिबॅसिलसमध्ये, फर्मेन्टम लिमोसिलॅक्टोबॅसिलसमध्ये. आरोग्य आणि अन्नउद्योगातल्या ओळखीच्या जातींना मुद्दाम ‘एल’पासून सुरू होणारी नावं दिली, म्हणजे संक्षेप बदलायला नको. जुनं नाव मात्र नियमानं नमुना-जातीकडेच राहतं. त्यामुळे मद्याच्या आंबवणात सापडलेला डेलब्रुकी, आणि त्याच्यासोबत बल्गेरिकस व इंडिकस, आजही लॅक्टोबॅसिलसच आहेत.