पेढी, कुटुंब आणि कर

दुकानांच्या पाट्यांवर ‘आणि मंडळी’, ‘ब्रदर्स’, ‘अँड सन्स’ अशी शेपटे आपण रोज वाचतो. माल चोख आणि भाव रास्त असला म्हणजे या शेपटांचा अर्थ गिऱ्हाईक विचारीत नाही. दोन ठिकाणी मात्र तो हटकून विचारला जातो: दिवाळे निघाल्यावर न्यायालयात, आणि वर्षाकाठी प्राप्तिकराच्या कचेरीत. धंदा कोणाचा? मिळकत कोणाची? बुडाले तर कोणाचे बुडेल? या प्रश्नांना आपल्या देशात मिळालेल्या उत्तरांचा इतिहास वरवर रुक्ष दिसतो. परंतु त्याची मुळे थेट आपल्या माजघरापर्यंत आलेली आहेत.

सत्तावनच्या उठावाने कंपनी सरकारचा खजिना रिता केला. तो भरण्यासाठी जेम्स विल्सन साहेबांनी १८६० साली या देशात पहिला प्राप्तिकर बसविला आणि त्याच वर्षी ते कलकत्त्यास निवर्तले. हा कर शेतीच्या उत्पन्नावरही होता. नवल असे की, त्याच १८६० साली संस्था-नोंदणीचा कायदाही झाला. आपल्या कितीतरी शिक्षणसंस्था नि ग्रंथालये पुढे त्याच्याच आधाराने उभी राहिली. भागीदाराची जबाबदारी त्याच्या भागापुरती मर्यादित ठेवण्याची सोय तीन वर्षे आधीच, १८५७ मध्ये, कंपन्यांना मिळाली होती. म्हणजे धंद्याला अंगरखा शिवून देणारे नि त्या अंगरख्याचा खिसा तपासणारे, दोघेही जवळपास एकाच वेळी दारात आले!

पहिला कर टिकला नाही. कायमचा आला तो १८८६ चा. त्याने शेतीचे उत्पन्न वगळले, आणि ‘व्यक्ती’ या शब्दात हिंदू अविभक्त कुटुंबाचाही समावेश केला. आपल्याकडे मिताक्षरेप्रमाणे मुलगा जन्मतःच वडिलार्जित मालमत्तेचा सहभागी होतो. कर्ता कारभार पाहतो, पण एकटा मालक नसतो. धर्मशास्त्राच्या पंडितांनी शतकानुशतके काथ्याकूट केलेली ही वस्तू आता करखात्याच्या वहीत एक करदाता म्हणून दाखल झाली.

आणि लगेच अडचणीही दाखल झाल्या. मुलगा शिकला, मोठ्या हुद्द्यावर चढला. त्याचा पगार त्याचा की घराचा? १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने एका सनदी अधिकाऱ्याच्या बाबतीत असा निर्णय दिला की, कुटुंबाच्या पैशाने विशेष शिक्षण घेतले असेल तर त्या विद्येची कमाई कुटुंबाची. या निर्णयाने सुशिक्षितांत केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना करावी! बॅ. मुकुंदराव जयकरांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले आणि १९३० च्या ‘विद्याधन’ कायद्याने शिकलेल्याची कमाई शिकलेल्याची ठरली. न्याय झाला खरा. पण जमीन गहाण टाकून धाकट्याला पुण्या-मुंबईस शिकविणारे थोरले भाऊ या महाराष्ट्रात थोडे नव्हते, आणि त्यांचे गाऱ्हाणे ऐकण्यास कायद्यात आता जागा उरली नाही. मला तरी या प्रश्नाची दुसरी बाजू अगदीच पोकळ वाटत नाही.

पुढे कुटुंबाचे तुकडे पाडून कर वाचविण्याची युक्ती रूढ झाली. घर एकत्र, चूल एक, पण थोडी मालमत्ता तेवढी वाटून घेतलेली. १९७८ च्या अखेरीनंतर झालेल्या असल्या अर्धवट वाटण्या करापुरत्या जमेस धरायच्या नाहीत, असे सरकारला शेवटी कायद्याने ठरवावे लागले.

कंपनीची गोष्ट याहून रंगतदार आहे. विलायतेत सालोमन नावाच्या चामड्याच्या व्यापाऱ्याने आपलाच धंदा कंपनीला विकला. बायको व पाच मुलांना एकेक शेअर दिला आणि बाकीचे वीस हजारांवर स्वतःकडे ठेवले. कंपनी बुडाली. धनको म्हणाले, कंपनी म्हणजे सालोमनच. १८९६ मध्ये उमरावांच्या सभेने सांगितले, नव्हे. कंपनी निराळी, माणूस निराळा. हा धडा आपल्या मुंबईने लौकरच गिरविला. सर दिनशा माणेकजी पेटिट यांना व्याज व लाभांश यांचे भरघोस उत्पन्न होते आणि १९१७ पासून मोठ्या मिळकतीवर जादा कर सुरू झाला होता. त्यांनी चार खाजगी कंपन्या काढल्या आणि गुंतवणुकीचा एकेक हिस्सा एकेकीच्या नावे केला. उत्पन्न कंपनीच्या वहीत जमा व्हायचे, आणि तीच रक्कम ‘कर्ज’ म्हणून सर दिनशांकडे परत यायची! १९२७ साली मुंबईच्या हायकोर्टाने हा पडदा दूर सारला: या कंपन्यांना स्वतःचा व्यवहार नाही, त्या म्हणजे सर दिनशाच. सालोमनची कंपनी खरोखर जोडे करीत होती, ही नुसती वह्या लिहीत होती. कायद्याचा अंगरखा घालायला हरकत नाही, पण आत माणूस पाहिजे.

धर्मादायाच्या बाबतीत हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. येथे मिळकत कोणाचीच नाही असे सिद्ध करायचे असते. लाहोरच्या सरदार दयालसिंग मजिठिया यांनी ‘ट्रिब्यून’ पत्र मृत्युपत्राने विश्वस्तांकडे सोपविले. वृत्तपत्र चालविणे हे परोपकाराचे काम कसे? १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ते सार्वजनिक उपयोगाचे मानून करमाफी दिली. त्याहून उद्बोधक खटला चरखा संघाचा. गांधीजींचा हा संघ १९२५ साली पाटण्यास काँग्रेसच्या बैठकीत जन्मला. कापूस घ्यायचा, सूत काढवायचे, खादी विकायची. मुंबईच्या हायकोर्टाने त्यास करमाफी नाकारली. १९४४ साली, काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद तुरुंगात असताना, लंडनच्या न्यायाधीशांनी तो निर्णय फिरविला: संघाचा खरा हेतू गरिबांना काम देणे हा, विक्री केवळ साधन. राज्य ज्यांचे, त्यांच्याच सर्वोच्च पीठाने चरख्याला धर्मादाय ठरवावे, हे इतिहासाचे एक कौतुकच!

स्वराज्यात मात्र गाळणी बारीक झाली. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने ‘सार्वजनिक उपयोगा’ला नफ्याच्या व्यवहाराची आडकाठी घातली, आणि १९७५ मध्ये हुबळीच्या ‘संयुक्त कर्नाटक’ चालविणाऱ्या न्यासास, जी सवलत ‘ट्रिब्यून’ला मिळाली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. ते शब्द पुढे गेले, आणि निराळ्या रूपात परतही आले. मधल्या काळात १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याने देवळापासून दवाखान्यापर्यंत सर्वांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या नजरेखाली आणले.

राहिली शेती. शेतीचे उत्पन्न केंद्राच्या करातून मुक्त. पण ऊस शेतात असतो तोवर शेती, गव्हाणीत पडला की धंदा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केला आणि १९५० च्या अखेरीस तेथे पहिला गळीत हंगाम सुरू झाला, तेव्हा शेतकरी एकाच वेळी ऊस विकणारा आणि कारखान्याचा मालक झाला. पुढचा सारा तंटा या दुहेरी नात्याचा आहे. केंद्र किमान भाव ठरवी. हंगाम संपल्यावर हातात राहिलेल्या पैशांतून कारखाने शेतकऱ्यांना राज्याने ठरविलेला अंतिम भाव देत. करखाते म्हणे, किमान भावावरची रक्कम म्हणजे सभासदांना वाटलेला नफा. त्यावर कर भरा. कारखाने म्हणत, हा उसाचा दाम आहे, आमचा खर्च आहे. सभासद नसलेल्यालाही तोच भाव मिळतो, मग नफा वाटला कोणाला? दाम ठरला तर शेतकऱ्याच्या हातात ते शेतीचे उत्पन्न, करमुक्त. नफा ठरला तर कारखान्याच्या मानेवर वर्षानुवर्षांच्या थकबाकीचे जोखड.

२०१५ च्या वित्त कायद्याने सरकारने ठरविलेला वा मान्य केलेला भाव पुढील वर्षांपुरता खर्च मानला; मागील वर्षांच्या मागण्या लोंबकळत राहिल्या. २०१९ मध्ये तासगाव कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला: जादा भाव सरसकट नफा नव्हे, पण त्यात नफ्याचा जो अंश असेल तेवढा निवडून काढा. उसाच्या एका बिलातून दाम किती आणि नफा किती हे निवडण्याचे काम पुन्हा अधिकाऱ्यांच्या टेबलावर गेले. ते पुरे होण्याआधीच २०२३ च्या वित्त कायद्याने जुन्या वर्षांसाठीही सरकारमान्य भावापर्यंतची रक्कम खर्च धरण्यास मुभा दिली, आणि कारखान्यांनी अर्ज भरावयास घेतले.