पण : शर्त, नाणं आणि दंड

‘पण’ म्हटलं की आधी आठवतं ते वाक्यात मध्येच येऊन खो घालणारं अव्यय. ते संस्कृत ‘पुनर्’चं झिजलेलं रूप, स्वयंवरातल्या पणाशी त्याचं काही नातं नाही. हा दुसरा पण आला ‘पण्’ धातूवरून. पाणिनीने तो ‘व्यवहृ’च्या जोडीला बसवला, आणि दोघांचे समान अर्थ टीकाकारांनी सांगितले ते असे : द्यूत खेळणं आणि खरेदी-विक्री करणं. म्हणजे युधिष्ठिराने लावलेला पण आणि पुण्याचं कृषी पणन मंडळ एकाच घरातले. मंडळाला हे रुचेल असं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पण हे नाणं आहे, आणि नेमून दिलेल्या जागेबाहेर जुगार खेळणाऱ्याला तिथे दंड सांगितलाय १२ पण! डावावर लावायचा तो पण, बाजारात चालतो तो पण, दंड भरायचा तोही पणांतच.

इथेरियमच्या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून राखलेल्या नोंदवहीत, हे तिन्ही अर्थ पुन्हा एकत्र नांदतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी तिथे नोंदी पक्क्या करण्यासाठी वीज जाळून कोडी सोडवण्याची रीत बंद झाली आणि ‘स्टेक’ची सुरू झाली. (मराठीत स्टेकला सर्रास ‘हिस्सा’ म्हणतात. ते कंपनीच्या शेअरना ठीक. इथे पणच हवा.) नोंदी तपासून त्यांवर मत देऊ इच्छिणाऱ्याने किमान ३२ ईथर (हे तिथलं नाणं) आधी अडकवायचे. कारण नोंदवहीला दोन फाटे फुटले आणि मत फुकट असलं, तर शहाणा माणूस दोन्हींकडे मत देऊन मोकळा होईल. कुठलाही फाटा टिकला तरी याचं भलंच. सगळेच असे शहाणे निघाले तर वही एक राहत नाही. गेम थिअरी माणसांचा प्रामाणिकपणा गृहीत धरत नाही. लबाडी तोट्यात जाईल असे नियम शोधते. म्हणून परस्परविरोधी मतांवर एकाचीच सही सापडली की त्याचे ईथर कापले जातात. त्याच सुमारास आणखी जितके पकडले जातील, तितका प्रत्येकाचा दंड वाढतो. एकट्याची चूक स्वस्त, कट महाग.

सभापर्वात द्रौपदीने विचारलं होतं, आधी स्वतःला हरलात की मला? जो स्वतःलाच हरला, त्याच्याकडे पणाला लावायला उरतं काय? भीष्मांनाही ते उलगडलं नाही. इथेरियममध्ये हा पेच उद्भवतच नाही : ईथर आधी जमा, मत नंतर. आणि ते परत काढायलाही रांग आहे. तेवढ्या अवधीत लबाडी उघडी पडली, तर कात्री चालायला ईथर अजून आतच असतात.