तीन शहानवाजखान

औरंगाबादच्या शहागंजात माझ्याकडे कागद घेऊन येणारा माणूस पिशवी उघडण्याआधीच विचारतो, "ताई, यावरून आमची वंशावळ लागंल का?" मुसलमान घरातला असला तर मला आपा म्हणतो आणि वंशावळीला शजरा म्हणतो. पिशवीतून मुंतखबाची, म्हणजे इनामाच्या निकालपत्राची नक्कल निघते, एखादी इनामाची सनद, खासरा पत्रकाचा उतारा, कधी मोडीतला करीना, म्हणजे वतनाची हकीगत. माझे वडील निजामी अमलात कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस होते. उर्दू मी त्यांच्याजवळ शिकले, मोडी पुढे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून तर मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध घेत माणसं फिरू लागली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, आजूर महिन्यानं फसली वर्ष सुरू होतं, हे मी इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता काहीजण येतानाच हिशेब करून येतात.

या कामामुळे एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. वंशावळ वाचताना आधी पाहावं की ती कुणी, कशासाठी आणि कुणापुढे मांडली. हक्क मागणाऱ्यानं लिहिलेली वंशावळ वेगळी असते, ज्याला काही मागायचं नाही त्यानं लिहिलेली वेगळी. या कसोटीवर सगळ्यात खरा उतरणारा माणूस याच शहरात राहिला, इथंच लिहीत बसला आणि इथंच मारला गेला. त्याचं नाव शहरातल्या शाळकरी मुलांना माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

सरदार घराण्यांच्या कुळकथा म्हटलं की लोकांना इंग्लंड आठवतं. ते खरंही आहे. राजा तिसरा रिचर्ड यानं १४८४ साली राजभाटांच्या संस्थेला सनद दिली. १५३० पासून १६८८ पर्यंत हे राजभाट परगण्या-परगण्यात फिरत, घरंदाज म्हणवणाऱ्यांना कागद घेऊन हजर राहायला लावत आणि वंशवृक्ष नोंदवून घेत. ज्याचा पुरावा लटका निघे त्याची नालस्ती जाहीर करण्याचा अधिकार त्यांना होता. पुढे १८२६ मध्ये जॉन बर्क यानं उमरावांच्या घराण्यांचा कोश छापला, तो त्याच्या नावानं आजही चालतो. पण राजभाट फी घेत, आणि फी देणाऱ्याला आपला मूळ पुरुष १०६६ साली विजेत्या विल्यमबरोबर समुद्र ओलांडून आलेला हवा असे. होरेस राउंड नावाच्या इतिहासकारानं अशा बनावट वंशावळी उघड्या पाडण्यात आयुष्य घालवलं. आपल्याकडे वतनाच्या तंट्यात देशमुख-पाटील गोतसभेपुढे करीना मांडत, तिथंही हीच ओढ दिसते. चार पिढ्या नेमक्या असतात, त्यामागं धुकं आणि त्याही मागं एकदम कुणीतरी पराक्रमी राजा.

मोगली अमलात मात्र गोष्टच निराळी होती. इंग्लंडात किताब आणि जमीन थोरल्या मुलाकडे जाई, त्यामुळे झाड सरळ वर चढतं. मोगलांच्या मनसबदाराला, म्हणजे दर्जा ठरवून चाकरीत घेतलेल्या सरदाराला, वारस नेमता येत नसे. जहागीर तीन-चार वर्षांनी बदलून दुसऱ्या मुलखात मिळे. सरदार मेला की सरकारी देणं वसूल होईपर्यंत त्याची मालमत्ता जप्तीत राही, आणि मुलाला बापाचा दर्जा नव्हे, तर खालच्या पायरीची मनसब मिळे. बापानं दरबारची चाकरी केली असेल तर मुलगा 'खानाजाद' गणला जाई, त्याचा वशिला लागे. पण किताब बादशहाच्या हातचा. एकाचा मृत्यू झाला की तोच किताब दुसऱ्या घराण्यातल्या माणसाला मिळे.

या शहराच्या इतिहासात म्हणूनच तीन शहानवाजखान आहेत, आणि तिघांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नाही. पहिला मिर्झा इरज, अब्दुर्रहीम खानखानानचा मुलगा. मलिक अंबरनं खडकी, म्हणजे हेच शहर, वसवून काही वर्षंच झाली होती. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला या इरजनं अंबरचा पराभव केला आणि मोगल फौजेनं येऊन खडकी उद्ध्वस्त केली. दुसरा बदीउज्जमान सफवी, इराणच्या राजघराण्यातला. त्याची मुलगी दिलरास बानू बेगम औरंगजेबाला दिली होती. ती १६५७ मध्ये वारली आणि तिची कबर म्हणजे आपला बीबी का मकबरा. बाप मात्र वारसायुद्धात जावयाच्या विरुद्ध, दाराच्या बाजूनं लढला आणि १६५९ मध्ये अजमेरजवळ देवराईच्या लढाईत पडला. तिसरा मीर अब्दुर्रज्जाक. ज्यानं शहर जाळलं तो शहानवाजखान, ज्याची मुलगी शहरात चिरनिद्रा घेते आहे तो शहानवाजखान, आणि ज्यानं इथं बसून या साऱ्यांची घराणी लिहून ठेवली तोही शहानवाजखान. नुसत्या किताबावरून घराणं जुळवणाऱ्याचा काय गोंधळ होईल, ते यावरून कळावं.

हा तिसरा माझा माणूस. त्याचा पूर्वज खुरासानातल्या ख्वाफहून अकबराच्या काळात हिंदुस्थानात आला. पणजोबा अमानतखान औरंगजेबाच्या दिवाणी खात्यातला नामांकित माणूस, सचोटीबद्दल ख्याती असलेला. अब्दुर्रज्जाक १७०० साली लाहोरात जन्मला. वडील तो जन्मण्याआधीच गेले होते. नातलग दख्खनेत होते, म्हणून पोरवयातच तो औरंगाबादला आला आणि निजामुल्मुल्काच्या चाकरीत वऱ्हाडच्या दिवाणीपर्यंत चढला. १७४१ मध्ये निजामाचा मुलगा नासिरजंग बापाविरुद्ध उठला, तेव्हा हा नासिरजंगाच्या बाजूला गेला. औरंगाबादजवळ लढाई झाली, नासिरजंग हरला, आणि शहानवाजखानाचं पद गेलं. पुढची पाच-सहा वर्षं तो घरी बसून होता.

त्या रिकामपणात 'मआसिरुल उमरा' लिहिलं गेलं. अकबरापासून लेखकाच्या काळापर्यंतच्या मोगल सरदारांची चरित्रं, किताबांच्या अक्षरक्रमानं लावलेली. प्रत्येक नोंदीत घराणं कुठून आलं, कुणाबरोबर आलं, जात (म्हणजे सरदाराचा स्वतःचा दर्जा) किती हजारांची, स्वार किती, कोणत्या मोहिमा, शेवट कसा झाला, आणि मग मुलं व नातू : कोण कुठं पोचला, कोण निःसंतान गेला, कोणाचा माग लागत नाही. दरबारी इतिहास बादशहाच्या कारकिर्दीच्या क्रमानं लिहिले जात. यानं ते सगळे उलगडून माणसामाणसाला परत जुळवले. पायमोजणीनं जमीन मोजावी तसं हे काम आहे, एकेक पाऊल टाकत केलेलं. त्याला कुणाकडून काही मिळवायचं नव्हतं. ज्यांची घराणी लिहिली त्यातले बहुतेक मेलेले होते आणि तो स्वतः मर्जीतून उतरलेला होता. थोरामोठ्यांचा भित्रेपणा आणि लोभ त्यानं लिहून ठेवला, शत्रूपक्षातल्या माणसाचं शौर्यही ठेवलं. याच कारणासाठी मी त्याला इंग्लंडच्या राजभाटांच्या वर मानते.

पुढं त्याचं नशीब परत फिरलं. १७४७ मध्ये वऱ्हाडची दिवाणी मिळाली. नासिरजंगाचा भाऊ सलाबतजंग याच्या काळात तो समसामुद्दौला हा किताब मिळून मुख्य कारभारी झाला. फ्रेंच सेनानी बुसीला दख्खनेतून घालवण्याचा त्याचा प्रयत्न होता आणि तोच त्याच्या जिवावर बेतला. १७५७ मध्ये पद गेलं, त्यानं दौलताबादच्या किल्ल्याचा आसरा घेतला, मग बाहेर आल्यावर कैद झाली. ११ मे १७५८ रोजी सलाबतजंगाचा भाऊ निजामअली याच्या तंबूत बुसीचा दिवाण हैदरजंग मारला गेला आणि त्याच दिवशी, त्या गोंधळात, कैदेतला शहानवाजखान आणि त्याचा एक मुलगा कापले गेले. घर आधीच लुटलं गेलं होतं. ग्रंथाचे कागदही त्या लुटीत गेले.

ते परत मिळाले ते एका मित्रामुळे. मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी, फारसी-अरबीतले मोठे कवी, पाणचक्कीजवळ बाबा शाह मुसाफिरांच्या तकियात राहत. ते शहरभर विचारत राहिले. वर्षभरानं सुटी, विस्कटलेली पानं हाती लागली. आझादांनी ती लावली, काही चरित्रं भरली, प्रस्तावना आणि लेखकाचं चरित्र लिहिलं. पाणचक्की पाहायला रोज शेकडो लोक जातात. पाण्याचा पडदा पाहतात आणि परत येतात. आझाद १७८६ मध्ये गेले, खुलदाबादेत अमीर हसनच्या दर्ग्याजवळ त्यांची कबर आहे.

काम मात्र अजून संपलं नव्हतं. शहानवाजखानाचा मुलगा अब्दुलहई बापाच्या खुनावेळी गोवळकोंड्याला कैदेत होता, म्हणून वाचला. त्यानं १७६८ मध्ये ग्रंथ पुन्हा हाती घेतला आणि १७८० मध्ये पुरा केला. आज जो 'मआसिरुल उमरा' आपल्यापुढे आहे, त्यात सातशे तीसच्या आसपास नोंदी आहेत.

मराठी वाचकाला त्यात आपली घराणी भेटतात. सिंदखेडचे लखुजी जाधवराव आहेत. १६२१ मध्ये ते मोगलांकडे गेले, तेव्हा मुलं-नातवंडं-नातलग मिळून चोवीस हजार जात आणि पंधरा हजार स्वारांची मनसब त्या एका घराण्याकडे होती. आणि १६२९ मध्ये दौलताबादेत दरबारात लखुजी मुलांसह मारले गेले. वेरूळच्या भोसल्यांची नोंद आहे, निंबाळकरांची आहे, माहूरच्या उदाजीरामाची आहे. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी गागाभट्टांनी भोसल्यांचं कूळ मेवाडच्या सिसोदियांशी जोडून मांडलं. त्या गागाभट्टांचं घराणं मूळ पैठणचं. १८०३ मध्ये तंजावरच्या सरफोजींनी बृहदीश्वराच्या मंदिरात भोसल्यांचा वंशेतिहास दगडावर मराठीत कोरून घेतला. राज्याभिषेकासाठी मांडलेली कुळकथा, राजानं कोरवलेला शिलालेख आणि बाहेरच्या माणसानं फारसीत लिहिलेली नोंद, या तीन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कुठल्याच घराण्याचा इतिहास लिहू नये.

आणि शहर तरी काय आहे? त्या ग्रंथातली नावं इथल्या पुऱ्यांना आहेत. बिकानेरचे राव कर्णसिंह म्हणजे कर्णपुरा, त्यांचे पुत्र पद्मसिंह म्हणजे पदमपुरा, मिर्झाराजे जयसिंह म्हणजे जयसिंगपुरा. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेला लाखभर माणसं लोटतात.

ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर हेन्री बेव्हरिज या सनदी नोकरानं केलं. १९११ पासून ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनं भागाभागानं छापलं. बेव्हरिज १९२९ मध्ये गेला, तेव्हा काम अपुरंच होतं. ते सुधारून पुरं केलं बेनी प्रशाद यांनी, आणि ते होते प्राणिशास्त्रज्ञ. शेवटचा भाग १९५२ मध्ये निघाला. याच हेन्रीचा मुलगा विल्यम बेव्हरिज, ज्याच्या अहवालावर ब्रिटनची कल्याणकारी व्यवस्था उभी राहिली. त्याला १९४६ मध्ये सरदारकी मिळाली आणि नाव इंग्रज उमरावांच्या कोशात गेलं. मूल नव्हतं, १९६३ मध्ये तो गेला आणि किताब बंद पडला.

सरदारांची ही नोंद झाली, पण साध्या शिलेदाराचीही नोंद याच शहरात होती. किलेअर्कमध्ये मोगली दप्तरं ठेवलेली होती. त्यात 'चेहरा' नावाचे कागद : स्वाराचं नाव, बापाचं नाव, जात, गाव, रंग, कपाळावरचा वण, गालावरचा तीळ, शेजारी घोड्याचं वर्णन आणि डाग. ती दप्तरं १९१६ मध्ये हैदराबादला गेली आणि आता तिथल्या राज्य अभिलेखागारात आहेत. शहाजहान-औरंगजेबाच्या काळातले दीड लाखांवर कागद तिथं आहेत. ज्यांना आपलं घराणं सरदाराचं नसल्याची खंत वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावं. शिपायाचा बाप कोण, हेही कुणीतरी लिहून ठेवलेलं आहे.

निजामाच्या राज्यातल्या जहागिरी १९४९ मध्ये गेल्या. हिस्सेदारांना भरपाई ठरवताना, पुढं अतियात, म्हणजे सरकारी देणग्यांच्या, कायद्याखाली इनामांच्या वारशाच्या चौकशीत, घरोघरच्या वंशावळी कचेरीत दाखल झाल्या. त्यातल्या पुष्कळ मी वाचल्या आहेत. पुरुषांची नावं सात पिढ्या असतात. बायकांच्या जागी 'जौजा', 'दुख्तर', म्हणजे बायको आणि मुलगी, एवढंच.

म्हणून कागद जपणाऱ्यांना माझी विनंती आहे. मुंतखब, सनद, करीना प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका; आतला कागद त्यानं कायमचा खराब होतो. सुती कापडात किंवा साध्या कोऱ्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, आधी नीट उजेडात फोटो काढून घ्या, आणि मूळ कागद कुणालाही, मलासुद्धा, ठेवून घ्यायला देऊ नका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवून आजीपणजीची नावं, माहेरचं गाव आणि माहेरचं आडनाव विचारा, आणि ते वंशावळीत पुरुषांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात लिहा.