दफ्तर उघडण्यापूर्वीचा शिरस्ता

परभणी जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता त्या काळातील एखाद्या वहीतील चूक हुडकू पाहणाऱ्यास बेरजेकडे वळण्यापूर्वी आकडे निजामाच्या हाली सिक्क्याचे की ब्रिटिश कलदाराचे, आणि सन फसली की इसवी, याचा निर्णय करावाच लागतो; कारण सात हाली रुपयांस सहा कलदार हा पुढे कायम झालेला दर विसरला, किंवा फसली सनात 590 मिळवताना ते वर्ष ऑक्टोबरात पालटते हे ध्यानी ठेवले नाही, तर निर्दोष हिशेबातही अफरातफर दिसू लागते.

संगणकाच्या आज्ञावलीतील दोष शोधणाऱ्या डीबगरचा शिरस्ताही याच जातीचा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986 साली लिहिलेला जीडीबी सुरू होताच मालकाच्या होम डिरेक्टरीतील ‘.जीडीबीइनिट’ ही फाइल वाचतो, आणि तीत ‘सेट प्रिंट प्रेटी ऑन’ एवढी एक ओळ असली की एका रांगेत कोंबलेली माहिती खतावणीसारखी ओळीओळीने उतरते. परंतु ज्या डिरेक्टरीत आपण उभे आहोत तेथेही त्याच नावाची फाइल असली, तर तिचेही हुकूम तो पूर्वी बिनतक्रार बजावीत असे. परक्या चावडीवर सापडलेला कागद फर्मान मानण्याचाच हा भाबडेपणा! 2012 च्या 7.5 आवृत्तीपासून मात्र विश्वासू ठिकाणांच्या यादीत नसलेली अशी फाइल तो ताकीद देऊन नाकारतो.

वहीबाबतही अशीच ताकीद लागते: परभणीत सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचा अंमल पालटला, तरी हाली सिक्का त्यानंतरही काही वर्षे बाजारात खुळखुळत राहिला.