समूहन-लाभ

१२. समूहन-लाभ : एकाच धंद्यातली माणसे आणि कारखाने एका ठिकाणी दाटीने वसले की प्रत्येकाचा खर्च उतरतो, या फायद्याला नागरी अर्थशास्त्रात हे नाव आहे. अल्फ्रेड मार्शल यांनी ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ (१८९०) या ग्रंथात त्यामागची तीन कारणे सांगितली : हाताशी असलेले कुशल कामगार, पूरक धंद्यांची वाढ आणि कसबाचा सहज प्रसार. यंत्रमागांच्या इचलकरंजीत ही तिन्ही दिसतात. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे गावभर माग झाले. चार-सहा मागांच्या मालकाला स्वतःचे सायझिंग, म्हणजे सुताला खळ देण्याचा कारखाना, परवडत नाही. तो खळ दिलेल्या सुताचा बीम गावातल्या सायझिंगमधून आणतो. मग वहिफणी कामगार एकेक धागा आधी मागाच्या वहीतून, नंतर फणीतून ओवून देतो. माग अडला तर तो दुरुस्त करणारा जॉबर असतोच. वहिफणीसारख्या एकाच कामावर पोट भरायचे, तर आसपास हजारो माग चालू हवेत. लेखकाने प्रस्तुत प्रकरणात लाभाचीच बाजू मांडली आहे. मात्र दाटीचा भारही सामाईक असतो : सूत महागले की सारे गाव एकदम मंदावते आणि कापडप्रक्रियेच्या सांडपाण्याची झळ पंचगंगा नदीला बसते. शहराच्या भरभराटीचा हिशेब मांडताना हा खर्च वगळणे अन्यायाचे आहे. — संपा.